लघवी गळतीय म्हणजे होतीय असं नाही: पाय गेलेल्या कुत्र्या-मांजराची लघवी घरी कशी सांभाळायची

दोन वर्षाखाली मृगाच्या पावसात आमची चांदी मोटारसायकलखाली आली. चांदी म्हणजे कारवानी कुत्री, आमच्या उदगीर-देवणीकडं शेतावर पाळतात तसली, पातळ अंगाची, लांब तोंडाची. मार कंबरेला बसला, वरून जखम फारशी नाही पण मागचे दोन्ही पाय गेले. ओढत ओढत ओसरीवर आली आणि तिथंच बसली. पहिले दोन दिवस घरात सगळ्यांचं एकच, पाय गेले पण लघवी तर व्हायलीय ना, मग आतून ठीक असंल. कारण जिथं झोपवायचो तिथं ओलं व्हायचं, उचललं की टपटप गळायचं, खालची वाकळ पिळून निघायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथंच ठेवला. आत बेलफळासारखं गोल, टणक काहीतरी लागत होतं. म्हणाले, "ताई, ही मुतायली नाही. हे भरून सांडायलंय."

त्या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायलेय. पाण्याची टाकी भरली की वरच्या पाईपातून पाणी वाहतं, म्हणून खालचा नळ चालू आहे असं होत नाही. आपलं जनावर ओलं दिसतं, आपल्याला वाटतं लघवी होतीय, आणि आत लघवीची पिशवी ताणून ताणून तिचा स्नायू कायमचा ढिला पडत जातो, शिळी लघवी साचून इन्फेक्शन होतं, ते किडनीपर्यंत चढतं. पाय गेलेलं कुत्रं वर्षानुवर्षं चांगलं जगू शकतं, पण लघवीकडं दुर्लक्ष झालं तर नाही जगत.

हात लावायच्या आधी एक गोष्ट

कुत्रं अचानक मागून लुळं पडलं आणि मार लागल्याचं कुणी बघितलं नाही, रेबीजची लस झालेली नाही किंवा माहीत नाही, तर आधी रेबीजचा विचार करायचा. पिसाळलेलं कुत्रं प्रत्येक वेळी चावत सुटतं असं नाही, एक प्रकार गप्प पडून राहण्याचा असतो. लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलतो, गिळता येत नाही, लुळेपणा वाढत जातो. घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालायचा नाही. लांबून बंद करून डॉक्टरला बोलवा. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. आपल्याकडं गल्लीतली कुत्री सगळ्यांच्या ओळखीची असतात म्हणून माणसं गाफील राहतात, त्यामुळं हे सगळ्यात आधी लिहिलं.

दुसरं म्हणजे ग्लोव्हज. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूचा आजार लघवीतून माणसाला होऊ शकतो. हाताला चीर असेल तर ग्लोव्हजशिवाय लघवी काढायची नाही, आणि झाल्यावर साबणाने हात धुवायचेच. कुत्र्याला लेप्टोची लस असते, ती द्या.

आत काय बिघडतं

लघवीच्या पिशवीला दोन कामं असतात, साठवणं आणि सोडणं. साठवताना पिशवीचा स्नायू सैल आणि तोंडाचा नळ आवळलेला, सोडताना बरोबर उलटं. हे दोन्ही एकाच वेळी जुळवायचं काम मेंदूपासून पाठीच्या कण्यातून येणाऱ्या नसा करतात. कुत्र्याच्या कंबरेला ७ मणके असतात, आणि लघवीचा शेवटचा हुकूम देणारा मज्जारज्जूचा भाग साधारण पाचव्या मणक्याजवळ असतो. मार नेमका कुठं बसलाय त्यावर सगळं अवलंबून.

मार त्या भागाच्या वर, म्हणजे पाठीच्या मध्यावर किंवा कंबरेच्या सुरुवातीला असेल तर मेंदूचा निरोप खाली पोचत नाही आणि नळ आवळलेलाच राहतो. पिशवी घट्ट, दाबली तरी लघवी येत नाही, आली तर थोडी थोडी. याला मी घट्ट पिशवी म्हणते. मार खाली, माकडहाडाजवळ किंवा शेपटीच्या मुळाशी असेल तर पिशवीचा स्नायूही मेला आणि नळही सैल पडला. अशी पिशवी फुग्यासारखी लिबलिबीत लागते, थोडं दाबलं की धार येते, आणि उचललं, खोकला आला, भुंकलं तरी सांडते. ही ढिली पिशवी. हा फरक डॉक्टरला विचारून घ्याच, "आमची घट्ट का ढिली?" असं साध्या भाषेत विचारा, कारण औषध त्यावर ठरतं आणि उलटं औषध दिलं तर नुकसान होतं.

कारणं बरीच असतात. गाडीचा मार, माडीवरून पडणं, डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या जातीत मणक्याची गादी सरकणं, म्हातारपणी मज्जारज्जू झिजणं, कण्यातली गाठ. पिल्लांमध्ये डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार, त्यात पाय किंवा जबडा सारखा उडत राहतो. प्रत्येक गळणारी लघवी नसांचीच असते असंही नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेल्या मादीची झोपेत गळते पण चालणं एकदम नीट असतं, ते वेगळं दुखणं आणि औषधही वेगळं. शुगर आणि किडनीच्या आजारात लघवीच इतकी होते की आवरत नाही.

डॉक्टरकडं जाताना

मोबाईलवर दोन व्हिडिओ काढून न्या, एक चालतानाचा किंवा ओढत जातानाचा आणि एक लघवी गळतानाचा. दवाखान्यात जनावर घाबरून वेगळंच वागतं. मार ताजा असेल तर नेताना फळीवर किंवा दाराच्या पाटीवर ओढणीने बांधून न्या, कडेवर मुटकुळं करून नेऊ नका, तुटलेला मणका अजून सरकतो.

डॉक्टर पायाच्या बोटाचं हाड चिमट्यात दाबून बघतात. ते बघवत नाही, मी तोंड फिरवलं होतं, पण त्यातूनच खरं कळतं. नुसता पाय मागं ओढणं म्हणजे दुखलं असं नाही, ते मेंदूला न कळताही खालच्या खाली होतं. कुत्र्याने मान वळवून बघितलं, केकाटलं, चावायला आलं तर निरोप मेंदूपर्यंत पोचतोय आणि आशा चांगली. खोलवरचं दुखणंही कळत नसेल तर अवघड असतं. गादी सरकलेली असेल आणि ऑपरेशन लवकर झालं तर अशातलीही निम्म्याच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात, पण चालायला लागल्यावरही काहींची लघवी थोडीफार गळत राहते. एक्स-रेमध्ये मोडलेला मणका दिसतो, नस किंवा गादी दिसत नाही, त्याला एमआरआय किंवा सीटी लागतं आणि ते मोठ्या शहरातच करावं लागतं. आपल्या भागात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. तिथं आधी फोन करून काय होऊ शकतं ते विचारून मग गाडी करा, उगीच जनावराचे हाल नकोत.

एक मागणी मात्र हक्काने करा, की लघवी दाबून कशी काढायची ते आमच्याच हाताने करून दाखवा. गोळ्या लिहून घेऊन परत येऊ नका. आणि जमलं तर भरलेली पिशवी आणि रिकामी पिशवी दोन्ही हाताला लावून बघा, तो फरक हाताला एकदा कळाला की अर्धं काम झालं.

दाबून लघवी काढणं

हे नीट वाचा, कारण रोज हेच करायचंय. आधी डॉक्टरने सांगितलेलं असलं पाहिजे की पिशवी दाबायला हरकत नाही. ताजा मार असेल, माकडहाड मोडलेलं असेल, पिशवी फाटल्याची शंका असेल, मुतखडा असेल तर दाबायचं नाही.

किती वेळा? दर ६ ते ८ तासाला, म्हणजे दिवसातून ३ ते ४ वेळा. हिशोब असा, निरोगी कुत्र्याला किलोमागं तासाला साधारण १ ते २ मिली लघवी होते. २० किलोच्या कुत्र्याला ८ तासात १६० ते ३२० मिली झाली, पाव लिटरच्या आसपास. सकाळी काढून एकदम रात्री काढली तर किती ताण पडत असेल बघा. आमचं ठरलेलं सकाळी साडेपाच, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री ११.

जागा मोरीत किंवा अंगणात, खाली रबरी मॅट, म्हणजे पुढचे पाय घसरत नाहीत. कुत्रं उभं असलं की सोपं जातं. दुसऱ्या माणसाने मागून धरायचं, किंवा जुनं उपरणं घडी करून मांड्यांच्या मधून घेऊन ढुंगण उचलायचं. उपरणं पोटाखालून घेऊ नका, तिथं पिशवीवरच दाब येतो, आम्ही पहिल्या आठवड्यात हीच चूक करत होतो आणि दरवेळी उचलतानाच अर्धी लघवी अंगावर.

आता हात. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागं आणि मांडीच्या पुढं. बोटं सपाट, एकमेकांना चिकटलेली, भाकरी थापताना हात असतो तसा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. तळवे हळूहळू जवळ आणायचे. आतडी हाताखालून निसटतात, पिशवी निसटत नाही, पाणी भरलेल्या फुग्यासारखी गोल हाताला येते. सापडली नाही तर थोडं मागं, कमरेच्या हाडाच्या अगदी पुढं चाचपा, आणि खूप भरली असेल तर बेंबीपर्यंत पुढं आलेली असते. सापडली की दोन तळव्यांच्या मध्ये धरून शेपटीच्या दिशेने सावकाश दाब द्यायचा आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. घट्ट पिशवीचा नळ लगेच उघडत नाही, तोच दाब धरून दहा-पंधरा सेकंद उभं राहिलं की मग धार सुटते. धार चालू असताना हात हलवायचा नाही, धक्के द्यायचे नाहीत. धार संपली की सैल सोडा, तिला दोन श्वास घेऊ द्या, परत शोधा, परत दाबा. तिसऱ्या वेळेला थेंबच आले आणि हाताला लिंबापेक्षा लहान मऊ गोळा लागला की झालं.

पोट आवळून धरलं असेल तर जोर लावू नका, श्वास सोडताना पोट मऊ पडतं तो क्षण धरा. चांदी सुरुवातीला फार आवळायची, माझ्या सासूबाई तिच्या कानाजवळ बसून हळू आवाजात "बाई माझी, झालं बाई झालं" म्हणत राहायच्या आणि ती सैल पडायची. आजही लघवी काढायची वेळ झाली की ती सासूबाईंकडंच बघते.

काही घट्ट पिशवीच्या कुत्र्यांना शेपटीखाली कोमट ओल्या फडक्याने पुसलं की आपोआप धार येते. करून बघायला काही जात नाही. नर कुत्र्यात नळी लांब आणि वळणाची असते म्हणून दाब जरा जास्त वेळ धरावा लागतो आणि लघवी पोटाच्या केसांवर पसरते, तिथं पसरट भांडं धरा. लहान कुत्रं आणि मांजर असेल तर एकच हात पुरतो, पोटाखालून हात घालून अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला.

भांड्यात धरून मोजा. दुधाचं जुनं माप चालतं. दरवेळी पाव लिटर निघणारी लघवी एकदम ५० मिलीवर आली तर काहीतरी अडलंय हे तुम्हाला आधी कळेल.

आणि कधी थांबायचं? दोन प्रयत्नात काहीच आलं नाही आणि पिशवी टणक आहे, लघवीत रक्त आहे, कुत्रं विव्हळतंय, पोट फुगलंय, उलट्या चालू झाल्या, तर अजून जोर लावायचा नाही. पिशवी फाटते. १२ तास लघवी निघाली नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरला उठवा. ते नळी घालून काढतात. पहिल्या काही दिवसात पिशवी फार ताणलेली असेल तर डॉक्टर स्वतःच नळी ठेवून पिशवीला विश्रांती देतात. नळी जितके दिवस आत राहील तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो म्हणून ती घरी महिनामहिना ठेवायची वस्तू नाही. नळीला जोडलेली, लघवी जमा होणारी बाटली किंवा प्लास्टिकची पिशवी बंद असावी आणि कायम कुत्र्याच्या अंगापेक्षा खाली लटकलेली असावी.

काही आठवड्यांनी घट्ट पिशवीची कुत्री अचानक आपोआप मुतायला लागतात. घरात आनंद होतो, होणारच, पण बऱ्याचदा ही लघवी पुरती होत नाही, मागं उरते. मुतून झाल्यावर लगेच हात लावून बघा किंवा सोनोग्राफीत उरलेली किती ते बघून घ्या, आणि मगच दाबणं कमी करा.

औषधांबद्दल

डोस मी मुद्दाम लिहीत नाही, वजन, बीपी, किडनी बघून डॉक्टरनेच ठरवायचं असतं. पण कुठलं औषध काय करतं हे माहीत असलं की प्रश्न नीट विचारता येतात.

घट्ट पिशवीत नळ सैल करायला प्राझोसिन किंवा टॅम्सुलोसिन देतात. याने बीपी उतरू शकतं, पहिल्या दिवशी कुत्रं मलूल पडलं, उभं राहताना झोकांड्या गेल्या, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर फोन करायचा. नळाचा बाहेरचा स्नायू सैल करायला डायझेपाम कुत्र्याला देतात, त्याचा असर थोडाच वेळ राहतो म्हणून दाबायच्या आधी अर्धा तास वगैरे. मांजराला तोंडाने डायझेपाम देऊ नये, काही मांजरांचं लिव्हर त्याने निकामी होऊन मांजरं गेलेली आहेत.

ढिल्या पिशवीच्या स्नायूला जोर यावा म्हणून बेथानेकॉल असतं. ते नळ बंद असताना एकटं दिलं तर बंद नळावर पंप चालू केल्यासारखं होतं, म्हणून नळ उघडा आहे याची खात्री आधी. लाळ, उलटी, पातळ संडास झाली तर डोस जास्त होतोय. आणि ऑपरेशन झालेल्या मादीला गळतीसाठी जे फिनाईलप्रोपॅनोलामाईन देतात ते नळ आवळतं. कुणाच्या तरी कुत्रीला गुण आला म्हणून तेच आणून घट्ट पिशवीच्या कुत्र्याला दिलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सूज उतरायला स्टेरॉईड चालू असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, तेवढे दिवस एखादी पाळी जास्त काढावी लागते. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घरातून द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली ती गिधाडं मेल्यामुळं, पण माणसांची गोळी किराणा दुकानातसुद्धा मिळते आणि "दुखतंय बिचाऱ्याला" म्हणून दिली जाते. माया असते त्यात, तरी देऊ नका.

इन्फेक्शन लपून बसतं

धडधाकट कुत्र्याला लघवीचं इन्फेक्शन झालं की ते सारखं बसतं, कुंथतं, कळतं. आपल्या कुत्र्याला तिथलं जाणवतच नाही, त्यामुळं तुमचं नाक आणि डोळे हेच तपासणी. पारदर्शक ग्लासात रोज सकाळची लघवी उजेडात धरा. गढूळ, दोऱ्या-दोऱ्या, गुलाबी, सडकी वास येणारी असेल, किंवा अंग गरम, खाणं सोडलं, नेहमीपेक्षा जास्त गळतंय, तर लघवी तपासा. खालून धरलेल्या लघवीत कातडीचे जंतू मिसळतात म्हणून कल्चरसाठी (कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी) डॉक्टर पोटातून बारीक सुईने थेट पिशवीतून घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण कुत्र्याला इंजेक्शनपेक्षा जास्त त्रास होत नाही. कल्चर न करता अँटिबायोटिक बदलत राहिलं तर शेवटी कुठलंच लागू पडत नाही. आणि कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही.

पाणी तोडायचं नाही

आपल्याकडची खरी अडचण ही आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, टँकरची वाट, त्यात रोज चार वेळा धुणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आपण विसरलेलो नाही. म्हणून लोक दोन गोष्टी करतात, कुत्र्याला पाणी कमी देतात म्हणजे कमी गळेल, आणि धुणं टाळतात. पहिली तर अजिबात करू नका. कमी पाण्याने लघवी घट्ट होते, जळजळीत होते, इन्फेक्शन आणि खडा दोन्ही वाढतं आणि उन्हाळ्यात जनावर उष्माघाताने जाऊ शकतं. भांडं कायम भरलेलं, सावलीत, त्याला मान वाकवून पोचेल असं.

धुण्याला एवढं पाणी लागत नाही. मागच्या पायांचे, शेपटीखालचे केस मशीनने बारीक काढून टाका, निम्मा त्रास तिथंच संपतो. मग एक तांब्या कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं, जुन्या धोतराचं उत्तम. साबण रोज नको. पुसून पूर्ण कोरडं करायचं, पंख्याखाली पाच मिनिटं, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर म्हणजे लघवी कातडीला भिडत नाही. लहान लेकरांच्या रॅशच्या क्रीममध्ये बऱ्याचदा झिंक ऑक्साईड असतं, ते चाटलं तर विषारी, म्हणून नको. कातडी लाल झाली, केस चिकटले, पाणी सुटलं तर डॉक्टरला दाखवा.

पावसाळ्यात माशांकडं डोळ्यात तेल घालून बघा. ओल्या, वास येणाऱ्या कातडीवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसात आळ्या पडतात, शेपटीखाली, मांडीच्या घडीत, मादीच्या लघवीच्या जागेत. त्याला जाणवत नाही म्हणून ते ओरडत नाही. रोज दोन वेळा शेपूट उचलून, घड्या उघडून बघा. आळ्या दिसल्या तर रॉकेल, टर्पेंटाईन, फिनाईल ओतू नका, कातडी जळते आणि चाटलं की पोटात जातं, सरळ दवाखाना. जागेला मच्छरदाणी बांधा, आम्ही पाळण्याची जुनी जाळी वापरतो.

फरशी पुसताना मांजराच्या घरात फिनाईल नकोच, ते पायाला लागतं आणि मांजर पाय चाटतं. ब्लिचिंग लघवीवर थेट टाकलं तर डोळे-घसा जाळणारा वायू निघतो, आधी लघवी पाण्याने काढा.

अंथरूण आणि डायपर

शहाबादी फरशी गार असते म्हणून कुत्रं तिथंच जाऊन पडतं, पण हाडावर घासून फोड येतात. चार बोटं जाडीचा फोम, त्याला रेक्झिनचं कव्हर, वर सुती चादर किंवा जुनी वाकळ. वाकळी दोन-तीन असू द्या, एक अंगावर एक वाळत. पोत्यावर झोपवू नका, सुतळी कातडी सोलते. स्वतः कूस बदलत नसेल तर दर ४ तासाला बदलून द्या. कोपर, मांडीचं हाड, घोटा रोज बघा.

डायपर बाहेर जाताना, पाहुणे असताना, गाडीत. लेकराचं डायपर उलटं घालून शेपटीला भोक पाडलं की होतं, भोकाच्या कडा चिकटपट्टीने बंद करा नाहीतर आतली जेल सांडते आणि कुत्रं खातं. नराला पोटाभोवती पट्टा पुरतो. पण आधी पिशवी रिकामी करायची आणि मगच डायपर, आणि ओलं झालं की लगेच, नाहीतरी तीन-चार तासाला बदलायचंच. डायपर कोरडं राहिलं म्हणून खूश होऊ नका, हात लावून बघा, पिशवी तुडुंब असू शकते.

संडासही बघत जा. आतडं कडक झालं की लघवीचा रस्ताही दाबला जातो.

मांजराचं थोडं वेगळं

मांजराची शेपटी दारात सापडते, गाडीच्या चाकाखाली येते, कुत्रं ओढतं, आणि शेपटीच्या मुळाशी नसा तुटतात. पाय चालतात, शेपटी मात्र दोरीसारखी लोंबते आणि लघवी बंद किंवा गळती. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्यावर कळत असेल तर बहुतेक सुधारतं. साधारण महिनाभर पिशवी नीट रिकामी करत राहायचं, सुधारणा व्हायची तर बहुतेक तेवढ्यात दिसते. बोका मात्र वाळूत सारखा बसतोय, कुंथतोय, रडतोय आणि थेंबही नाही, तर ते नसांचं नसून लघवीची वाट बंद झाल्याचं असतं आणि एक-दोन दिवसात जीव जातो. त्याचं पोट घरी दाबायचं नाही.

वही

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतच लिहितो आम्ही. वेळ, किती मिली, रंग, संडास, गोळी दिली का. डॉक्टरने ते कॅलेंडर बघूनच दोनदा औषध बदललंय.

आणि घरातल्या किमान दोन माणसांना लघवी काढता आली पाहिजे. मला पहिल्या वर्षी भावाच्या लग्नाला सेलूला दोन दिवस राहता आलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, मी रात्री एसटीने परत आले. त्यानंतर मोठ्या लेकीला शिकवलं. तिचा हात माझ्या हाताखाली ठेवून आठ दिवस, मग माझा हात तिच्या हातावर आठ दिवस, मग ती एकटी आणि मी बाजूला भांडं धरून. आता दुपारची पाळी तिची आहे, शाळा सकाळची असते म्हणून जमतं, आणि कॅलेंडरवर १२ च्या पुढं तिच्या अक्षरात मिली लिहिलेले असतात.